पोळा ते दसरा : बाटली सोडवण्याचे चाळीस दिवस

चकलांब्यासारख्या गावात लेकराची दुधाची बाटली सोडवायची, तर आधी दसरा किती दिवसांवर आला आहे ते बघावं लागतं. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं हे गाव. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतल्या जोड्या पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, काही टोळ्या तर थेट कर्नाटकात. परतायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास. या पाच-सहा महिन्यांत घरातल्या वर्ष-दीड वर्षाच्या लेकराचं दोहोंपैकी एक होतं. एक तर ते आईबापामागे उसाच्या फडावर जातं, नाहीतर आजीजवळ गावी राहतं. फडावर गेलं की आई तोडणीत असताना हाताशी बाटली, आणि गावी राहिलं की आईच्या दुधाच्या जागी बाटली.

वर्षाचं लेकरू घेऊन दवाखान्यात गेलं की डॉक्टर सांगतात, आता बाटली बंद करा. सल्ला योग्यच आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण सुटावी असं सांगतात. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं त्याहून कडक आहे : बाटली मुळात लावूच नका, वरचं दूध द्यावं लागलंच तर वाटी-चमच्याने द्या. पण बाटली लागलेली असते, लेकरू तिच्याशिवाय झोपत नसतं आणि आईला पहाटे उठून कामाला जायचं असतं. अशा घराला नुसतं ‘बंद करा’ सांगून भागत नाही. केव्हा सुरू करायचं, कोणत्या वेळची बाटली आधी काढायची, रात्री रडलं तर काय करायचं, हे सगळं सांगावं लागतं. ते या लेखात सांगायचं आहे. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करते : जिथे पाणी, सरपण आणि वेळ तिन्ही कमी, त्या घराला बाटली परवडतच नाही. त्या घराला पेलाच सोयीचा.

बाटली घरात येते कशी

बहुतेक घरांत बाटली येते ती ‘दूध पुरत नाही’ या भीतीने. लेकरू रडलं, की बघायला आलेली एखादी बाई सहज म्हणून जाते, दूध कमी पडतंय वाटतं. मग वरचं दूध सुरू होतं. आईच्या दुधाचा नियम असा, की बाळ जितकं ओढेल तितकं ते तयार होतं. बाटलीने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढतं, त्याने दूध खरंच कमी येऊ लागतं आणि भीती खरी ठरते. दुसरं कारण कामाचं. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे अंधारात फडात उतरते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाळाला पाजायला थांबायचं म्हणजे तोडणी थांबते. शहरात नोकरीवर परतणाऱ्या बाईचीही गत फार वेगळी नसते. बाटली लावणाऱ्या आईला दोष देण्याआधी हे समजून घ्यायला हवं.

सुरुवातीला भूक भागवायला आलेली बाटली हळूहळू झोपेची सोबतीण होते. चोखण्याने बाळ शांत होतं, हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. रोज झोपताना तोंडात बाटलीचं बूच, म्हणजे चोखायचं रबरी टोक, असलं, की झोप आणि बूच यांची गाठ पक्की बसते. मग रात्री जाग आली की भूक नसतानाही ते बाटली मागतं, कारण पुन्हा झोपायचा दुसरा मार्ग त्याला माहीतच नसतो. याला हट्ट म्हणू नये. ही शिकलेली सवय आहे, आणि शिकलेल्या सवयीच्या जागी दुसरी सवय शिकवता येते.

बूच जवळून बघा

दोन-तीन महिने वापरातली एखादी बाटली घ्या आणि तिचं बूच आतून बाहेर उलटून उन्हात धरा. कडेच्या घडीत पिवळसर, बुळबुळीत थर दिसेल. बोट फिरवलं तर चिकट लागेल. बाटलीच्या गळ्यावरच्या आट्यांमध्ये वाळलेल्या दुधाची पांढरी रेघ असेल. भोक बघा : पुष्कळ घरांत दूध लवकर संपावं म्हणून तापवलेल्या सुईने ते मोठं केलेलं असतं. कडेला दातांनी चावल्याच्या चिराही असतील. कोमट दूध आणि हा थर, जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. मोठ्या भोकातून दुधाची धार एकदम घशात जाते आणि लेकराला ठसका लागतो. फाटलेल्या बुचाचा तुकडा तुटून घशात अडकण्याचाही धोका असतो.

बाटली नीट स्वच्छ ठेवायची तर प्रत्येक वेळी तिचे भाग सुटे करायचे, आतून ब्रश फिरवायचा, साबणाने धुवायचं आणि पाण्यात उकळायचं. दिवसात चार-पाच वेळा. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, प्यायचं पाणीच लांबून आणावं लागतं, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी व्हायची मारामार असते. तिथे बाटली उकळली जात नाही, नुसती विसळली जाते. मग जुलाब लागतात, जुलाबाने वजन उतरतं, वजन उतरलं की पुढचं आजारपण लवकर गाठतं. स्टीलचा पेला मात्र उघडा असतो. त्यात हात पोचत नाही असा कोपरा नाही. साबण आणि स्वच्छ पाण्याने तो मिनिटभरात घासून होतो. गरीब घराने पेला निवडावा याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

दात, रक्त आणि कान

रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या लेकराचे वरचे पुढचे दात आधी किडतात. त्यामागचं कारण साधं आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणंही मंदावतं, त्यामुळे दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. दुधातल्या साखरेवर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कवच खातं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच जवळ असतात, म्हणून ते बरेचदा वाचतात. दुधात वरून साखर किंवा गूळ घातला, किंवा बाटलीत चहा दिला, तर कीड आणखी झपाट्याने पसरते.

ही कीड लवकर ओळखता येते. लेकराचा वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला आणि हिरडीला लागून असलेली दाताची कड बघा. तिथे खडूसारखी पांढरट रेघ दिसली तर ती सुरुवात समजावी. या टप्प्यावर रात्रीची बाटली थांबवली आणि दात स्वच्छ ठेवले, तर नुकसान आवरता येतं. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, की दंतवैद्याकडे जावंच लागतं. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं म्हणून सोडून देऊ नये. दुखऱ्या दातांचं लेकरू चावून खात नाही, आणि दुधाचे दात अकाली गेले तर मागून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा बिघडते.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दहांतली जवळपास सात मुलं. याची कारणं अनेक आहेत, पण त्यांतलं एक कारण बाटलीच्या आड दडलेलं असतं. गायीच्या एक लिटर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागतं. दिवसभरात चार-पाच बाटल्या दूध पोटात गेलं की भाकरीला जागाच उरत नाही. शिवाय दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. असं लेकरू गुबगुबीत दिसतं, पण चेहरा फिकट असतो, लवकर दमतं, चिडचिड करतं, कधी माती खातं. घरचे म्हणतात, खात काहीच नाही, दूध तरी पिऊ द्या. वस्तुतः दूध जास्त पितं म्हणूनच ते खात नसतं.

वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरेसं होतं. त्याहून जास्त देण्यात फायदा नाही. याउलट काही घरांत दूध ‘जड’ पडेल म्हणून त्यात निम्मं पाणी घालतात. त्या लेकराचं पोट पाण्याने भरतं आणि वाढ खुंटते. बाटलीत चहा भरून देणं तर पूर्ण बंद व्हायला हवं, कारण चहातलं टॅनिनही लोह अडवतं.

तिसरी गोष्ट कानाची. घसा आणि कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. उताणं झोपून बाटली पिताना दूध आणि घशातले जंतू या नळीतून मधल्या कानात शिरू शकतात. वारंवार कान दुखणारं, कान फुटणारं लेकरू दिसलं, तर ते झोपून बाटली पितं का, हे आधी विचारावं.

संपन्न घरातही लांबलेली बाटली निरुपद्रवी नसते. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांची होईपर्यंत बाटली पिणाऱ्या मुलांपैकी २२.९ टक्के मुलं साडेपाच वर्षांची होईतो लठ्ठ झालेली आढळली. बाटली आधी सुटलेल्यांमध्ये हे प्रमाण १६.१ टक्के होतं. तिथे बाटली जेवणावर भर घालते, इथे ती जेवणाची जागा घेते. दोन्हीकडे लेकराला आपली भूक ओळखायला शिकता येत नाही.

बोंडल्यापासून बुचापर्यंत

बाळाला आईच्या दुधाखेरीज काही पाजायचं, ही गरज माणसाला फार जुनी आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात कांस्ययुग आणि लोहयुगातल्या लहान मुलांच्या थडग्यांत चोचीची छोटी मातीची भांडी सापडली. त्यांच्यात जनावरांच्या दुधाचे अंश असल्याचं संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे घरोघर बोंडलं असायचं. पितळेचं किंवा चांदीचं, एका बाजूला चोच असलेलं, पसाभर दुधाचं उथळ भांडं. आजी मांडी घालून बसायची, बाळाचं डोकं कोपराच्या घडीत घ्यायची आणि बोंडल्याची चोच ओठाला लावून थेंब-थेंब दूध सोडायची. अशाच आकाराचं भांडं दक्षिणेत पालडै म्हणून ओळखतात, आणि कमी दिवसांच्या, अंगावर ओढता न येणाऱ्या बाळांना दूध पाजायला आजही नवजात अतिदक्षता कक्षांत ते वापरतात. जे बाळ दोन किलोचंही नाही ते भांड्याने पिऊ शकतं, तर वर्षाचं लेकरू पेल्याने पिऊ शकणार नाही, असं म्हणता येत नाही.

रबरी बूच आलं ते एकोणिसाव्या शतकात. त्या काळात इंग्लंड-फ्रान्समध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या फार खपल्या. बाळ ती नळी तोंडात धरून एकटंच पीत बसे, आईचा हात मोकळा राही. पण नळी आतून साफच होत नसे. इतकी मुलं दगावली, की लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले. फ्रान्सने १९१० मध्ये अशा बाटल्यांवर बंदी घातली. नळी गेली, बूच राहिलं, आणि स्वच्छतेचा प्रश्नही राहिला.

विसाव्या शतकात दूध पावडरच्या कंपन्यांनी गरीब देशांत जोरदार जाहिरात केली. जिथे शुद्ध पाणी नाही तिथे पावडर आणि बाटली पोचली आणि बालमृत्यूंवरून जगभर ओरड झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. भारतात या लढ्याचं एक महत्त्वाचं पाऊल महाराष्ट्रातच पडलं. स्तनपानाचा प्रसार करणारं देशव्यापी जाळं, ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालं. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला. १९९२ चा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक करण्यात आला. त्यानुसार दूध पावडर, दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं डबाबंद अन्न आणि दूध पाजायची बाटली यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, विक्री वाढवण्यासाठी सवलती देता येत नाहीत. मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

विक्रीला मात्र या कायद्याने मनाई केलेली नाही. म्हणून गेवराईच्या बाजारात आणि गावच्या जनरल स्टोअरमध्ये बाटली सहज मिळते. ती घ्यायची की नाही आणि घेतली तर कधी सोडायची, हे ठरवणं घराच्याच हाती आहे.

चाळीस दिवसांचं वेळापत्रक

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण चाळीस दिवस मिळतात. टोळी निघायच्या आधी आई घरी असते, आजी हाताशी असते, आणि लेकराला आपलं घर, आपली गोधडी ओळखीची असते. बाटली सोडवायला याहून चांगला काळ नाही. निघायच्या धांदलीत, ट्रॅक्टरवर संसार चढवताना, किंवा कोपीत पोचल्यावर पहिल्या आठवड्यात बाटली काढून घेतली, तर लेकराचं घर आणि सवय एकाच वेळी सुटते. तसं करू नये. ताप, जुलाब चालू असताना किंवा घरात नवं बाळ आलं असतानाही थांबावं.

पहिल्या आठवड्यात काहीच काढून घ्यायचं नाही. फक्त पेल्याची ओळख करून द्यायची. लहान स्टीलचा पेला किंवा फुलपात्र घ्यावं, त्यात दोन-तीन चमचे पाणी घालावं. लेकराला मांडीवर ताठ बसवावं. पेल्याची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि पाणी वरच्या ओठाला लागेल इतकाच पेला कलता करावा. ओतायचं नाही. जीभ बाहेर काढून, ओठ पुढे करून लेकरू स्वतःच घोट घेतं. थोडं सांडेल, हनुवटीवरून ओघळेल, अंगरखा भिजेल. दोन-चार दिवसांत ते पेला दोन्ही हातांनी धरायला बघतं. सहा महिन्यांपासून, उष्टावण झाल्यापासूनच जेवताना पेल्याने पाणी दिलं असेल, तर हा आठवडा वाचतो.

दुसऱ्या आठवड्यात दुपारची बाटली काढावी. दुपारी लेकराचं लक्ष खेळण्यात असतं, म्हणून ती सर्वांत सोपी. त्या वेळी खायला द्यावं आणि दूध पेल्यात द्यावं. पहिल्या दिवशी ते निम्मंच प्यायलं तरी घाबरू नये, जेवणात भर काढावी. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची बाटली, चौथ्यात सकाळची. एकदा काढलेली बाटली परत द्यायची नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळायचं. आई नाही म्हणते आणि आजोबा लपून देतात, असं झालं की लेकरू रडून मागायला शिकतं.

पाचवा आठवडा रात्रीच्या बाटलीचा, आणि खरी कसोटी हीच. झोपण्याचा क्रम बदलायचा. संध्याकाळी पोटभर जेवण, मग बसूनच पेल्याने दूध, मग दात पुसणं, मग अंगाई, पाठीवर थापटणं आणि झोप. दूध आणि झोप यांच्यामध्ये दात पुसणं आलं, की दोघांची गाठ सैल होते. एकदम काढणं जमत नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी रात्रीच्या बाटलीतलं दूध थोडं-थोडं कमी करावं आणि शेवटी नुसतं पाणी ठेवावं. पाण्याच्या बाटलीतली गोडी लवकर जाते. रात्री जाग आली तर पेल्याने पाण्याचा घोट द्यावा, जवळ घ्यावं, थापटावं. वर्ष उलटलेल्या, दिवसा नीट जेवणाऱ्या निरोगी लेकराला मध्यरात्रीच्या बाटलीची गरज नसते. पहिल्या तीन-चार रात्री रडणं होईल. त्या रात्री बापाने किंवा आजीने लेकरू कुशीत घ्यावं.

उरलेले दिवस सवय मुरण्यासाठी. बाटल्या आणि बुचं घरातून काढून टाकावीत. फळीवर दिसत राहिली तर लेकरू मागत राहतं, आणि आपलाही हात तिकडे जातो.

काही गोष्टी टाळाव्यात. बुचाला मिरची किंवा कडू काही लावू नये. बागुलबुवाची भीती घालू नये, ‘एवढा मोठा झाला तरी’ म्हणून चारचौघांत लाजवू नये. बूच कापून देऊ नये. बाटलीच्या बदल्यात चोखणी, बिस्किटाचा पुडा किंवा मोबाईल देऊ नये. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. बाजारात मिळणारे चोचीचे, झाकणाचे कप घेण्याचीही गरज नाही, त्यांच्या खाचांतही दूध अडकतंच.

हे वेळापत्रक वर्ष पूर्ण झालेल्या लेकरासाठी आहे. त्याहून लहान बाळाचं दूध कमी करायचं नाही, भांडं तेवढं बदलायचं. ज्याचं वजन वाढत नाही, पेल्याने पिताना ज्याला सतत ठसका लागतो, जे कमी दिवसांचं जन्मलं किंवा ज्याच्या टाळूला छिद्र आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि बाटली सोडवणं म्हणजे अंगावरचं दूध तोडणं नव्हे. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावं. फडावरून संध्याकाळी परतलेल्या आईने लेकरू जवळ घेऊन पाजलं, रात्री पाजलं, तर दूध टिकून राहतं आणि लेकराला आईही मिळते.

फडावर आणि आजीपाशी

लेकरू फडावर जाणार असेल तर सोबत दोन पेले, एक वाटी, एक चमचा आणि झाकणाचा डबा घ्यावा. आदल्या रात्रीचं दूध सकाळी देऊ नये. दूध मिळालं की उकळावं आणि लगेच पाजावं. दूध नाही मिळालं तरी बिघडत नाही, पण जेवण चुकवू नये. मुगाच्या वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली पालेभाजी, उकडलेलं अंडं. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. जुलाब लागलेच तर जलसंजीवनीही पेल्याने किंवा चमच्याने पाजावी.

लेकरू गावी राहणार असेल तर सोडवण्याच्या चाळीस दिवसांत शेवटचे दोन आठवडे झोपवण्याचं काम आजीने घ्यावं. आई गेल्यावर त्याला रात्री ओळखीचा हात मिळतो आणि पुन्हा बाटली आणावी लागत नाही. आजीला एवढंच सांगून ठेवावं, की दिवसाला दोन पेले दूध बस्स, बाकी भूक जेवणाने भागवायची.

सरकारी यंत्रणेकडे यासाठी साधनं आहेत, ती मागून घ्यायला हवीत. लेकरू तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना आशाताईंनी घरी यायचं, असा कार्यक्रम २०१८ पासून आहे. नवव्या आणि बाराव्या महिन्याच्या भेटीत त्यांनी पेला हातात घेऊन दाखवावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध मिळतं, ते निघताना सोबत मागून घ्यावं. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो. पोषण ट्रॅकरवर नोंद असलेल्या स्थलांतरित कुटुंबाला दुसऱ्या गावच्या अंगणवाडीतही लाभ घेता येतो. निघण्याआधी सेविकेकडून नोंद पक्की करून घ्यावी आणि पोचल्यावर तिथल्या सेविकेला गाठावं.

शेवटचं सांगणं साखर कारखान्यांना आणि मुकादमांना आहे. मोठ्या मुलांसाठी साखरशाळांचा विचार तरी झाला, तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी फडाजवळ सावलीची, स्वच्छ पाण्याची, एक सांभाळणारी बाई असलेली जागा अजून अपवादानेच दिसते. दर दोन-तीन तासांनी आईला लेकराजवळ येता आलं, तर बाटली लागणारच नाही. एका हंगामात कारखाना जे कमावतो त्यापुढे हा खर्च नगण्य आहे, आणि तो द्यायलाच हवा.

तोवर घराच्या हातात आहे ते घराने करावं. यंदा पोळ्याच्या दिवशी घरात वर्ष उलटलेलं, बाटली पिणारं लेकरू असेल, तर बैलांना पुरणपोळी चारून झाल्यावर त्याला मांडीवर घ्या आणि पेल्याने पाण्याचे दोन घोट पाजा. दसऱ्यापर्यंत बाटली सुटेल.